झाकणावरचा आकडा: २० चे ४० झाले तेव्हा बेअरिंगला काय मिळाले?

जनरल मोटर्सच्या ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर ऑइल भरायचं झाकण असतं आणि त्यावर ग्रेड लिहिलेला असतो: ०डब्ल्यू-२०. २०२५ मध्ये कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला आलेली दुरुस्ती अगदी साधी होती. जुनं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, ०डब्ल्यू-४० भरायचं, तसं लिहिलेलं नवं झाकण लावायचं आणि मालकाच्या पुस्तिकेत सुधारणेचं एक पान घालायचं. क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) तोच, त्याला धरणारी बेअरिंगं तीच, दोघांमधल्या फटीही त्याच.

ही बातमी मी आमच्या मिस्त्रींना सांगितली. तीस वर्षं इंजिनं बांधतायत ते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "सर, मग आम्ही इतकी वर्षं वेगळं काय सांगतोय? पाण्यासारखं ऑइल घालायचं आणि मग बेअरिंग खाल्लं म्हणून रडायचं!" त्यांच्या फळीवर २०डब्ल्यू-४० चे डबे ओळीने मांडलेले असतात. नव्या छोट्या पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असलं, तरी "ते तिकडच्या थंडीसाठी" म्हणून ते बाजूला सारतात.

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, ते तपासायला हे प्रकरण उत्तम, कारण इथे एकाच इंजिनाला आधी २० आणि मग ४० दिलं गेलं, आणि दोन्ही वेळा ते देणारा इंजिन बनवणाराच होता.

घडलं काय

या इंजिनाचं कंपनीतलं नाव एल८७. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो, टाहो आणि सबर्बन, जीएमसीच्या सिएरा आणि युकॉन, कॅडिलॅकची एस्कलेड, अशा थोराड गाड्यांमध्ये ते बसतं. तळेगावला पूर्वी असलेल्या कारखान्यामुळे जनरल मोटर्स आपल्याला परकी नाही, पण या गाड्या आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाहीत. ४२० अश्वशक्ती, ऑइलची क्षमता साडेसात लिटरच्या आसपास.

चालत्या गाडीत इंजिन ठोकायला लागायचं, किंवा थेट जाम व्हायचं. हायवेवर ताशी शंभरने जाताना इंजिन जाम होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने प्राथमिक चौकशी सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे फक्त ३९ तक्रारी होत्या. एप्रिलमध्ये कंपनीने रिकॉल जाहीर केला आणि स्वतःच्या नोंदी उघड केल्या. एकट्या अमेरिकेत क्रँक, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) किंवा बेअरिंगशी संबंध असू शकेल अशा २८,१०२ घटना. त्यांपैकी १४,३३२ मध्ये गाडीची ओढ गेल्याची तक्रार. १२ अपघात आणि १२ जण जखमी झाल्याचे दावे. अमेरिकेत ५,९७,६३० गाड्या आणि जगभर मिळून सुमारे ७ लाख २१ हजार. उत्पादनाचा काळ मार्च २०२१ ते मे २०२४.

कारणं कंपनीने दोन सांगितली आणि दोन्ही पुरवठादारांकडच्या उत्पादनातल्या दोषांवर टाकली. एक, कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांमध्ये राहिलेला गाळ. दोन, क्रँकची मापं आणि पृष्ठभागाची सफाई ठरलेल्या मर्यादेबाहेर. ऑइल पातळ आहे हे कारण त्या यादीत नाही.

आणि तरीही उपाय म्हणून ऑइल बदललं. तपासणीत जे इंजिन नापास होईल ते दुरुस्त करायचं किंवा बदलायचं, आणि जे पास होईल त्याला ०डब्ल्यू-४०. दोष खरोखर असलेल्या गाड्या सुमारे ३ टक्के असतील असा कंपनीचा अंदाज होता. म्हणजे उरलेल्या ९७ टक्के गाड्यांत, ज्यांच्यात काही बिघडलेलं नसावं, त्यांतही जाड ऑइल.

एक आकडा, दोन परीक्षा

ऑइलच्या डब्यावरचे आकडे 'एसएई जे३००' या तक्त्यातून येतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि नंतरचा गरम असतानाचा, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढे मात्र गफलत होते. २० आणि ४० ही मापं नव्हेत, कप्प्यांची नावं आहेत. चाळीस हा वीसच्या दुप्पट, हा हिशेब इथे लागू होत नाही, जसा बूट आठ नंबरचा म्हणजे चार नंबरच्या दुप्पट लांब नसतो.

त्या कप्प्यात जागा मिळवायला ऑइलला दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. पहिली १०० अंश सेल्सिअसला. काचेच्या बारीक नळीतून ऑइल स्वतःच्या वजनाने खाली यायला किती वेळ घेतं ते मोजायचं. उत्तर सेंटिस्टोकमध्ये येतं. २० साठी ६.९ ते ९.३, ३० साठी ९.३ ते १२.५, ४० साठी १२.५ ते १६.३. कप्प्यांच्या मधोमधचे आकडे धरले तर २० चा ८.१ आणि ४० चा १४.४, म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त. मिस्त्रींच्या बोटांनाही साधारण हेच जाणवतं. दोन बोटांत ऑइल चोळून ते जाड-पातळ ठरवतात. ती त्यांची काचेची नळीच आहे.

दुसरी परीक्षा वेगळ्या जातीची. तापमान १५० अंश आणि ऑइलची कातर, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर, सेकंदाला दहा लाख. तिला 'हाय टेम्परेचर हाय शिअर', थोडक्यात एचटीएचएस म्हणतात. यंत्रात किंचित निमुळता रोटर तसल्याच निमुळत्या भांड्यात फिरतो, मधे काही मायक्रॉनची फट, त्यात ऑइल. रोटर फिरवायला किती जोर लागतो त्यावरून घट्टपणा काढतात. एकक मिलिपास्कल-सेकंद. २० साठी किमान २.६. ३० साठी किमान २.९. ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू यांच्या पुढे ४० असेल तर किमान ३.५. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० साठी किमान ३.७.

या एककात खोलीच्या तापमानाचं पाणी १ च्या आसपास येतं. बेअरिंगमध्ये ०डब्ल्यू-२० पाण्याच्या अडीच पट घट्ट असतं आणि ०डब्ल्यू-४० साडेतीन पट. मिस्त्री "पाण्यासारखं" म्हणाले ते खरंच आहे, फक्त ते त्यांच्या फळीवरच्या डब्यालाही लागू पडतं. दुकानात काकवीसारखं दिसणारं ऑइल प्रत्यक्ष कामाच्या जागी पाण्याच्या शेजारी जाऊन बसतं.

आता तुलना पुन्हा करू. नळीच्या परीक्षेत ४० हे २० पेक्षा पाऊणपट जास्त. बेअरिंगसारख्या परीक्षेत किमान आकड्यांनुसार २.६ चे ३.५, म्हणजे ३५ टक्के जास्त. उरलेला जाडपणा वाटेत कुठे गेला?

तो पॉलिमरमध्ये गेला. ०डब्ल्यू-४० हे मुळात पातळ बेस ऑइल असतं. नाहीतर ते उणे ३५ अंशांची थंडीची परीक्षा पास होणारच नाही. गरम झाल्यावर त्याने ४० सारखं वागावं म्हणून त्यात लांब साखळ्यांचे रेणू घालतात. तापल्यावर ते रेणू लोकरीच्या गुंड्यासारखे फुलतात आणि ऑइलला दाट करतात. निवांत वाहणाऱ्या ऑइलमध्ये हे छान चालतं. बेअरिंगच्या फटीत मात्र ते गुंडे ताणले जातात, प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि तेवढ्यापुरतं ऑइल पुन्हा पातळ होतं.

नमुन्यादाखल हिशेब करून पाहिला. १०० अंशांना ८.४ सेंटिस्टोकचं ०डब्ल्यू-२० आणि १३.५ चं ०डब्ल्यू-४० घेतलं. नेहमीच्या तापमान-घट्टपणाच्या सूत्राने १५० अंशांना आणलं आणि घनतेने गुणलं. कातर नसेल तर पहिलं २.९ च्या आसपास येतं, दुसरं ४.४ च्या. बाजारातल्या अशा ऑइलची एचटीएचएस साधारण २.६५ आणि ३.६ धरली, तर पहिल्याने कातरीत आठेक टक्के गमावले आणि दुसऱ्याने अठराएक. जाड दिसणारं ऑइल फटीत शिरल्यावर जास्त नरमतं. पूर्वी ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ची किमान मर्यादा ३० इतकीच, म्हणजे २.९ होती, नंतर ती ३.५ केली. म्हणजे एके काळी झाकणावर ३० असो की ४०, बेअरिंगला मिळणारी हमी सारखीच होती.

पिनपाशी

सेकंदाला दहा लाख हा आकडा हवेतून आलेला नाही. ५० मिलिमीटर व्यासाचा क्रँकपिन (क्रँकवरची कनेक्टिंग रॉड बसण्याची जागा) मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरतोय असं धरा. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला पावणेसोळा मीटर. बेअरिंग स्थिर, मधे ऑइल. फट १५ मायक्रॉन असेल तर वेगाला फटीने भागून उत्तर जवळजवळ नेमकं दहा लाख येतं. जोराचा दाब येतो त्या बाजूला फट एक-दोन मायक्रॉनवर येते आणि कातर कोटीच्या घरात जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

पिन आणि बेअरिंग यांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही, हा सगळा खेळ त्या एक-दोन मायक्रॉनवर चालतो. पिन फिरताना ऑइलला ओढत निमुळत्या फटीत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर पिन तरंगतो. पंपाचा दाब फक्त ऑइल तिथपर्यंत पोचवतो. उचलतो तो हा आपोआप तयार झालेला दाब. घट्टपणा, वेग आणि भार या तिघांवर ऑइलच्या पापुद्र्याची जाडी ठरते. घट्टपणा ३५ टक्क्यांनी वाढवला म्हणून पापुद्रा ३५ टक्क्यांनी जाड होत नाही, कारण घट्ट ऑइल जास्त घासलं जातं, जास्त तापतं आणि स्वतःच थोडं पातळ होतं. हाती लागते ती मायक्रॉनच्या पाव-पंचमांश हिश्शाची कमाई. ऐकायला क्षुल्लक. पण चांगल्या घोटलेल्या पिनवरचे खाचखळगे मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचे असतात, तेव्हा त्याच मापात ही कमाई मोठी आहे.

हीच गोष्ट तापमानाच्या भाषेतही सांगता येते, आणि मला ती जास्त पटते. माझ्या हिशेबातलं ०डब्ल्यू-२० शंभर अंशांना जेवढं घट्ट आहे, तेवढं पातळ व्हायला ०डब्ल्यू-४० ला १२५ अंशांपर्यंत जावं लागतं. एचटीएचएसच्या किमान आकड्यांवरून तोच फरक वीसेक अंश येतो. म्हणजे ग्रेड बदलून कंपनीने बेअरिंगसाठी वीस-पंचवीस अंशांची उसनवारी केली. मागे होडी जोडलेली गाडी घाट चढतेय, ऑइल तापलंय, अशा वेळी वीस अंश हा काही थोडाथोडका फरक नाही.

इथे बाहेरच्या हवेबद्दल एक. "नागपूरला ४५ अंश असतात, तिथे पातळ ऑइल कसं चालेल" हा प्रश्न मला दर मे महिन्यात कुणीतरी विचारतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धड असले तर इंजिनातलं ऑइल नागपुरातही ९० ते ११० अंशांच्या दरम्यान राहतं आणि महाबळेश्वरातही. बेअरिंगमधलं ऑइल मुख्यतः कातरीने तापतं, उन्हाने नाही. भार, वेग आणि चढ यांनी जो फरक पडतो, तो उन्हापेक्षा मोठा.

शेजारचं इंजिन

दोष ऑइलचा असता तर कुठे कुठे दिसला असता? याच कंपनीचं ५.३ लिटरचं व्ही-८, एल८४, त्याच गाड्यांत मिळतं आणि त्यालाही ०डब्ल्यू-२० च सांगितलेलं आहे. पिस्टनची धाव दोघांची सारखीच, ९२ मिलिमीटर. ते या रिकॉलमध्ये नाही. नुसतं २० नंबरचं ऑइल बेअरिंग खात असतं, तर पहिला बळी या भावंडाचाही गेला असता.

फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात आहे. ५.३ चा बोअर ९६ मिलिमीटर, ६.२ चा १०३.२५. तेवढ्याने पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास १६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे सिलिंडरमधला दाब सारखा असला तरी रॉडवरून बेअरिंगवर येणारा जोर १६ टक्क्यांनी जास्त. शिवाय ६.२ चं कॉम्प्रेशनही जास्त, ११.५ विरुद्ध ११. तेव्हा ऑइल सारखंच असलं तरी ६.२ च्या पिनपाशी शिल्लक कमी होती. शिल्लक कमी असली म्हणजे इंजिन बिघडतं असं नाही. पण पुरवठादाराकडून आलेला क्रँक मापाला थोडा चुकला किंवा नीट घोटला गेला नाही, तर ती चूक पोटात घालायला जागा उरत नाही.

मला हे प्रकरण असं दिसतं: चूक क्रँकमध्ये होती, आणि ऑइलची निवड इतकी काटेकोर होती की त्या चुकीला माफी नव्हती. मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे, ते हे.

आता उरलेलं अर्धं. दोन कारणांपैकी सफाई आणि माप यांवर जाड पापुद्रा खरंच उतारा आहे. खाचखळग्यांच्या वर पिन थोडा उचलला जातो. गाळावर मात्र त्याचा जोर चालत नाही. पाच मायक्रॉनचा कण एक मायक्रॉनच्या पापुद्र्यातही अडकतो आणि सव्वा मायक्रॉनच्याही. शिवाय हा गाळ बसला होता तो क्रँकच्या आतल्या वाटांमध्ये. ऑइलचा प्रवास पंप, मग फिल्टर, मग मुख्य वाहिनी, मग क्रँकमधल्या भोकांतून बेअरिंग असा असतो. म्हणजे तो कचरा फिल्टरच्या पुढे होता. फिल्टरपर्यंत पोचण्याआधी तो बेअरिंगमधून जाणार, हे ठरलेलंच. मशिनिंगनंतर क्रँक धुताना राहिलेला चिमूटभर चुरा कुठलंही ऑइल पुसून काढत नाही.

आणि तपासणी होती ती इंजिन न खोलता केलेली. आवाज, कंपनं, स्कॅनरवरचे कोड. सहा लाख इंजिनं खोलणं व्यवहार्य नाही हे खरं, पण बाहेरून तपासलेल्या इंजिनातला पिन कसा घोटलाय ते दिसत नाही. ०डब्ल्यू-४० हे त्या न दिसणाऱ्या भागावरचं पांघरूण होतं असं मी म्हणेन. नंतर कंपनीने तपासणीत पास झालेल्या गाड्यांना याच बिघाडासाठी दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढीव हमी दिली. दीड लाख मैल म्हणजे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. फक्त झाकण बदलून निर्धास्त झालेला माणूस एवढी लांब हमी लिहून देत नाही.

मग आधीच ४० का नव्हतं, आणि आता ०डब्ल्यूच का

पहिल्याचं उत्तर इंधन. घट्ट ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद जाते. एका गाडीच्या मालकाला तो फरक पंपावर जाणवणारही नाही, पण अमेरिकेत कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी काढतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये आलेल्या कायद्याची ती देणगी. लाखो गाड्यांच्या सरासरीत छोट्या टक्क्यालाही किंमत येते. म्हणून ग्रेड खाली खाली जात राहिले. २०१३ मध्ये तक्त्यात १६ आला, एचटीएचएस किमान २.३, २०१५ मध्ये १२ आणि ८, किमान २.० आणि १.७. यात लबाडी नाही. अशा ऑइलसाठी फटी, पंप, बेअरिंगचं साहित्य आणि सफाई सगळं नव्याने ठरवतात. फक्त प्रत्येक पायरी उतरताना कारखान्यातल्या सफाईवरचा विश्वास एक पायरी वाढवावा लागतो.

थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या अशा इंजिनात आणखी एक गळती असते. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. नवं असताना ८ असणारं २० नंबरचं ऑइल छोट्या छोट्या फेऱ्यांनी कप्प्याच्या तळाशी, ६.९ कडे सरकतं. ४० ला तसं घसरायला बरीच जागा असते.

दुसऱ्याचं उत्तर थंडी. या गाड्या अलास्कातही चालतात. ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशांना क्रँक फिरवण्याच्या परीक्षेत ६२०० मिलिपास्कल-सेकंदांच्या आत आणि उणे ४० ला पंपाने ओढता येईल असं. १५डब्ल्यूची तीच फिरवण्याची परीक्षा उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला होते. जाड ऑइलच हवं असतं तर १५डब्ल्यू-४० स्वस्तात मिळालं असतं, आणि एचटीएचएसही किमान ३.७ मिळाली असती. पण बेअरिंगची पहिली काही सेकंदं कोरडी गेली असती. शिवाय या इंजिनात ऑइल फक्त वंगण नाही. गरजेप्रमाणे सिलिंडर बंद-चालू करणारे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. थंडीत ते काकवी झालं तर सगळं उशिरा हलतं. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये कंपनी ०डब्ल्यू-४० आधीपासून भरत होतीच, त्यामुळे दर्जाही ठरलेला होता आणि डबाही तयार होता.

पुन्हा गॅरेजात

हे सगळं मी मिस्त्रींना एका बैठकीत सांगितलं नाही. तीन चहा लागले. २०डब्ल्यू-४० वर त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. "आपल्याकडे कुठे उणे पंधरा?"

नाही. पण नाशिकला डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतातच. माझ्या त्याच हिशेबाने १० अंशांना ०डब्ल्यू-२० एकशे नव्वद सेंटिस्टोक भरतं आणि नेहमीचं २०डब्ल्यू-४० सातशे तीस. जवळपास चौपट. पहिल्या स्टार्टला वरच्या कॅमपर्यंत ऑइल कधी पोचतं, ते या आकड्यावर ठरतं. गरम असताना मिळालेला चाळीस टक्क्यांचा फायदा रोज सकाळी चौपट भरपाई मागतो. जुनं, दोन लाख किलोमीटर झालेलं, फटी वाढलेलं इंजिन असेल तर हा सौदा मी समजू शकतो. नव्या, ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनात नाही.

"मग त्या टूरवाल्याच्या गाडीत काय टाकू?" त्यांनी विचारलं. पेट्रोल गाडी, आठवड्यातून चार वेळा पुणे-कोल्हापूर, सीट भरून आणि टपावर सामान. पुस्तिका मागवली. तीत ०डब्ल्यू-२० पहिलं, आणि खाली ५डब्ल्यू-३० चालेल असं. इथे मी त्यांच्या बाजूने झुकलो. एवढा भार आणि एवढा वेळ उंच फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीला ३० द्या, पुस्तिकेची परवानगी आहे.

पण ३० मध्येही दोन जाती आहेत, आणि डब्याच्या दर्शनी बाजूवर त्या सारख्याच दिसतात. युरोपीय 'एसीईए' दर्जांमध्ये 'ए५/बी५' लिहिलेलं ५डब्ल्यू-३० एचटीएचएसमध्ये २.९ ते ३.५ च्या दरम्यान असतं. 'सी३' किंवा 'ए३/बी४' लिहिलेलं किमान ३.५ असतं. म्हणजे सी३ चं ३० आणि किमान मर्यादेवरचं ०डब्ल्यू-४० बेअरिंगपाशी एकाच उंचीचे. एचटीएचएसचा आकडा डब्यावर कुणी छापत नाही. तो ऑइलच्या माहितीपत्रकात असतो, नाहीतर मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतून काढावा लागतो.

मिस्त्रींनी फळीवरून ५डब्ल्यू-३० चे दोन डबे काढले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, भावात तीनशे रुपयांचा फरक. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला आणि पहिला डबा उलटा केला. "यावर फक्त एपीआय एसपी हा अमेरिकी दर्जा लिहिलाय." दुसरा उलटा केला, खिडकीकडे धरला. "सी३," ते म्हणाले. "म्हणजे साडेतीन."